पुढे गुरुवार

विनिपेगमध्ये बर्फाचं आणि किश्श्यांचं सारखंच असतं. नोव्हेंबरात ड्राइव्ह-वे शोव्हल करून कडेला टाकलेला बर्फ कुठे जात नाही. त्यावर डिसेंबरचा पडतो, त्यावर जानेवारीचा, आणि मार्चमध्ये शेजाऱ्याची खिडकी दिसेनाशी झाली की लक्षात येतं, बापरे, एवढा साठला! आमच्या सानिकाच्या जिम्नॅस्टिक्सचे किस्से असेच साठत गेले. परवा देवधरकाकांकडे गणपतीच्या जेवणाला बसलो होतो. एकाने एक सांगितला, दुसऱ्याने दुसरा, मोदक संपले तरी किस्से संपेनात. म्हटलं, वितळायच्या आत लिहून ठेवावेत.

यातले निम्मे किस्से जिमच्या गॅलरीतले. गॅलरी म्हणजे वरच्या मजल्यावरची काचेची खोली. खाली मुली उड्या मारतात आणि वर आईबाप खुर्चीत बसून दमतात. बाहेर उणे तीस, आत पायाशी एकच हीटर. एका हीटरला पाय लावून बसलेली माणसं फार काळ परकी राहत नाहीत.

*

सानू लहान होती तेव्हा आम्ही अपार्टमेंटमध्ये राहायचो. ती सोफ्यावर बसायची नाही, सोफ्याच्या पाठीवरून चालायची, आणि टोकाला पोचली की उडी मारायची. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आधी छताला काठीने ठोकून पाहिलं. मग मॅनेजरकडे तक्रार केली. शेवटी एका संध्याकाळी त्या स्वतःच वर आल्या. आम्ही माफी मागायच्या तयारीत दारात उभे, तर त्यांनी मंजिरीच्या हातात एका जिमचा पत्ता दिला आणि म्हणाल्या, मुलीला इथे तरी पाठवा नाहीतर मला तरी. मंजिरी म्हणजे माझी बायको. ती पुण्याची असल्यामुळे तिने आधी जिम किती वाजता बंद होतं ते विचारलं.

सानूच्या आयुष्याला वळण देणारी पहिली व्यक्ती कोण, असं कोणी विचारलं तर मी त्या बाईंचं नाव घेतलं असतं. दुर्दैवाने आम्हाला ते कधी कळलंच नाही. आम्ही त्यांना 'खालच्या बाई' म्हणायचो. त्या जिथे असतील तिथे त्यांना शांत झोप लागो.

*

जिममधला कोच व्हिक्टर. युक्रेनहून आलेला, हाताचे पंजे तव्याएवढे, आणि इंग्लिशमधली क्रियापदं त्याने वाटेतच कुठेतरी उतरवून ठेवलेली. कौतुक करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. एखादीने फारच छान केलं तर तो खाली मान घालून बुटाकडे बघायचा. बूट बघितला म्हणजे जिंकलं, हे मुलींना ठाऊक होतं.

मी पडलो नागपूरचा बाप. आमच्याकडे पोरगं पाटीवर गिरवायला लागलं की पुढच्या कॉलेजची चौकशी सुरू होते. सानूला जिममध्ये जाऊन काही आठवडे झाले तेव्हा मी व्हिक्टरला गाठलं. मुलीत पोटेन्शियल किती, मार्ग कसा, लेव्हल्स कोणत्या, असं सगळं विचारून शेवटी म्हटलं, "सो, व्हॉट इज नेक्स्ट?"

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "नेक्स्ट इज थर्सडे."

प्रॅक्टिस मंगळवारी आणि गुरुवारी असायची. मला वाटलं, ह्याला प्रश्न कळला नाही. गॅलरीत डेब नावाची एक आई बसायची. तिची मुलगी सानूपेक्षा मोठी, आणि डेबला त्या जिममधलं सगळं ठाऊक. तिला सांगितलं तर ती म्हणाली, त्याला सगळं कळतं, त्याचं उत्तरच तेवढं असतं.

मग आमच्या घरात ती म्हणच पडली. माझं प्रमोशन अडकलं, पुढे गुरुवार. घराचं लोन होईना, पुढे गुरुवार. देवधरकाका तर आजही फोन ठेवताना तेच म्हणतात. काका म्हणजे सत्तर सालाच्या सुमाराला इथे आलेले डॉक्टर, आता रिटायर्ड. इथल्या प्रत्येक मराठी घराचे ते थोडे थोडे सासरे आहेत.

*

पहिल्या स्पर्धेच्या सकाळी मंजिरीने दही-साखरेची वाटी घेतली. परीक्षेला जाताना हातावर दही द्यायचं, ही तिच्या माहेरची पद्धत. माझ्याही घरची हीच, पण ते पुण्यात सांगून उपयोग नसतो. विरजण देवधरकाकांच्या घरचं. विनिपेगच्या थंडीत दही लागत नाही म्हणून ती ओव्हनचा दिवा लावून पातेलं आत ठेवायची.

निघायच्या घाईत दही द्यायचं राहिलं आणि वाटी गाडीत आली. जिमच्या पार्किंगमध्ये पोचेपर्यंत त्याचा दगड झाला होता. मंजिरीने चमच्याच्या मागच्या बाजूने फोडून एक खडा सानूच्या हातावर ठेवला. सानू तो चोखत चोखत आत गेली, आणि तशाच हाताने बार्सला, म्हणजे उंचावरच्या आडव्या दांड्यांना, लटकली. लटकली म्हणजे चिकटली. मग सुटली.

व्हिक्टरने तिचा तळवा नाकाशी नेऊन वास घेतला. मग गॅलरीकडे बघून, सगळ्या आईबापांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "इन माय जिम, नो मिल्क!"

त्या दिवसापासून दही घरी, देवापुढे, आणि मग साबणाने हात धुऊन निघायचं, असं ठरलं. मंजिरीचं म्हणणं, हात धुतला तरी दही आत गेलेलं असतं.

*

अमेरिकेतल्या कॉलेजांत जिम्नॅस्टिक्सच्या टीम असतात, मुलगी चांगली असेल तर कॉलेज तिला स्वतःहून घेतं, शिक्षणही तिथेच होतं, हे आम्हाला डेबने सांगितलं. कॅनडातल्या कॉलेजांत तसं काही नव्हतंच म्हणा. सानू तेव्हा नुकती हायस्कूलच्या उंबरठ्यावर होती. तिने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. ते साधलं नाही तर शाळेबरोबर जिम्नॅस्टिक्सही संपणार, हे तिला आमच्याआधी कळलं होतं.

आता मी सॉफ्टवेअरमधला माणूस. एका वीकेंडला बसून प्रोजेक्ट प्लॅन तयार केला. कोणत्या वर्षी कोणती लेव्हल, कधी व्हिडिओ पाठवायचा, कधी एन्ट्रन्स परीक्षा द्यायची, सगळं रंगीत पट्ट्यांमध्ये. प्रिंट काढून, चिकटवून, लांबच्या लांब कागद व्हिक्टरच्या टेबलावर पसरला.

त्याने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिला. पुन्हा पाहिला. मग विचारलं, "व्हेअर इज फॉल डाऊन?"

प्लॅनमध्ये पडणं कुठेच नव्हतं. मी घरी येऊन एक ओळ वाढवली, 'पडणे', आणि तिला एक आठवडा दिला.

*

कॉलेजांना पाठवायला व्हिडिओ लागायचा. मी हँडीकॅम घेतला आणि एक अख्खा सीझन शूटिंग केलं. डीव्हीडी पाठवायच्या आधी व्हिक्टरला दाखवावी म्हणून त्याच्या ऑफिसात टीव्हीवर लावली.

सानू बीमवर चढते. बीम म्हणजे वितीपेक्षाही अरुंद पट्टी, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. ती पलटी घेते, हवेत उंच जाते, आणि पडद्यावर छत दिसतं. मग पुन्हा सानू. पुन्हा उडी. पुन्हा छत. जिमच्या छतातले सगळे पाइप त्या डीव्हीडीत फार सुंदर आले होते. मागून मंजिरीचा आवाज, "अगं बाई, अगं बाई, सांभाळ." झालं असं की सानू हवेत गेली की मी डोळे मिटायचो, आणि माझ्याबरोबर कॅमेराही मान वर करायचा. मला हे तोवर ठाऊकच नव्हतं.

व्हिक्टरने शेवटपर्यंत पाहिलं. म्हणाला, "गर्ल गोज अप. नेव्हर कम डाऊन. कॉलेज विल बी व्हेरी इंटरेस्टेड."

मग सगळं शूटिंग डेबने पुन्हा केलं, आपली मुलगी सोडून आमच्या मुलीचं. तिला थँक यू म्हटलं तर म्हणाली, तू फक्त कॅमेऱ्याला हात लावू नकोस.

*

डीव्हीड्या गेल्या. एकाही कॉलेजचं उत्तर नाही. मला वाटलं, काय उद्धट लोक आहेत. डेबने समजावलं की तिथल्या नियमाप्रमाणे मुलगी ठरावीक इयत्तेत पोचेपर्यंत कोचने तिच्याशी किंवा आईबापांशी बोलायचंच नसतं. बघायला येऊ शकतात. समोर आलं तर हॅलो म्हणू शकतात. बस.

देवधरकाकांना हे लगेच पटलं. "मुलगी बघायला येतात, पण पसंती सांगत नाहीत. ह्यात नवीन काय?"

आणि खरंच एका कॉलेजच्या कोचबाई यायच्या ठरल्या. सानूला जे कॉलेज मनापासून हवं होतं, तेच. मंजिरीने सकाळी उठून साबुदाणा वडे तळले. मी टाय लावला. काका कोट घालून आले, मुलीकडचं कोणी वडीलधारं हवं म्हणून. आम्ही तिघं गॅलरीच्या दारात रांगेने उभे राहिलो.

कोचबाई आल्या. उंच, हसऱ्या. मी माझं नाव, शिक्षण, नोकरी आणि मूळ गाव सांगितलं. त्या म्हणाल्या, हॅलो. काकांनी विनिपेगच्या हवामानाचा इतिहास सांगितला. त्या म्हणाल्या, हॅलो. मंजिरीने डबा पुढे केला. बाईंनी डब्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, नियमात वडे बसतात का याचा विचार केला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, हॅलो.

मंजिरीने डबा शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि आम्ही लांब जाऊन बसलो. प्रॅक्टिस संपली तेव्हा खुर्चीवर डबा होता. रिकामा, वॉशरूममध्ये धुऊन, टिश्यूने पुसून ठेवलेला. सानूची प्रॅक्टिस कशी झाली हे मंजिरीने घरी जाईपर्यंत विचारलंच नाही. "माणसं चांगली आहेत," एवढंच म्हणत राहिली.

*

त्यानंतरच्या हिवाळ्याच्या तोंडाला सानू बीमवरून पडली आणि घोटा मोडला.

हा किस्सा नाही, पण ह्याच्याशिवाय पुढचे सांगता येत नाहीत. ऑपरेशन झालं, पायात खिळे आले. सानू घरी येऊन सोफ्यावर पडून राहिली, ज्याच्या पाठीवरून ती एकेकाळी चालायची त्याच सोफ्यावर. म्हणाली, "बाबा, इट्स ओव्हर." मी उठलो. बेसमेंटमध्ये जाऊन तो प्लॅन उघडला. 'पडणे' पुढे मी एक आठवडा लिहिला होता. तिथे बसून मी रडलो, हे मंजिरीला अजून ठाऊक नाही, म्हणजे आता हे वाचून होईल.

कॉलेजवाले काय म्हणतात तेही कळायला मार्ग नव्हता. आधीही बोलत नव्हते, आताही बोलत नव्हते.

मग व्हिक्टर घरी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दारात बूट काढले, सोफ्यासमोर जमिनीवर बसला, मंजिरीने दिलेला वरणभात खाल्ला, आणखी मागून घेतला. पायाबद्दल चकार शब्द नाही. निघताना माझी हिंमत झाली नाही, सानूनेच विचारलं. "व्हिक्टर, व्हॉट नाऊ?"

"नाऊ थर्सडे," तो म्हणाला. "लेग ब्रोकन. हँड नॉट ब्रोकन."

गुरुवारी सानू प्लास्टर घेऊन जिममध्ये गेली आणि हातांनी बार्सला लटकली. त्या अख्ख्या हिवाळ्यात मला ऑफिस सोडता यायचं नाही आणि मंजिरीची शिफ्ट असायची, तर तिला न्यायला डेब यायची. डेबची स्वतःची मुलगी तोवर जिम सोडून गेली होती, तरी यायची, इंजिन गोठू नये म्हणून प्लगला लावलेली गाडी सोडवून, काचेवरचा बर्फ खरवडून. काका संध्याकाळी येऊन सानूचा एन्ट्रन्सचा अभ्यास घ्यायचे. परक्या देशात माणसं मिळत नाहीत असं कोणी म्हणालं की मला हा हिवाळा आठवतो. आम्ही ह्यांचं कधी काही फेडू शकणार नाही, आणि त्यांनी ते कधी मागितलंही नाही.

*

प्लास्टर निघालं, पाय पुन्हा चालायला लागला, आणि पुढच्या वर्षी पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्नाबीला मोठी स्पर्धा होती. तिथे येणार असल्याचं त्या कोचबाईंनी व्हिक्टरला कळवलं होतं. घोटा खरंच बरा झालाय का, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. जे काही ठरायचं ते तिथेच.

टीम व्हिक्टरबरोबर आधी गेली. आम्ही मागून निघालो, तर ब्लिझर्डमुळे विमान लेट. त्यात सिक्युरिटीवाल्याने मंजिरीच्या पर्समधली दह्याची डबी काढली. म्हणाला, हे जेल आहे, नेता येणार नाही. मंजिरी म्हणाली, हे जेल नाही, दही आहे. त्याने विचारलं, खाण्यासाठी? ती म्हणाली, नाही, बीमसाठी. मग तर त्याने डबी अजिबातच दिली नाही.

स्टेडियममध्ये पोचलो तेव्हा मुली खाली उतरल्या होत्या. आम्हाला वरच बसावं लागलं. सानूचा पहिलाच नंबर बीमवर. मंजिरी मांडीवरच्या पर्सची चेन उघडझाप करत होती. इतक्या वर्षांत एकदाही दही चुकलं नव्हतं, आणि आज चुकलं. मी तिला अंधश्रद्धेवर चार शब्द सुनावणार होतो, पण मीच खाण्याच्या स्टॉलवर कुठे दही दिसतं का ते बघत होतो.

खाली व्हिक्टर खडूच्या पावडरच्या भांड्यापाशी उभा होता. त्याने सानूला जवळ बोलावलं. जॅकेटच्या खिशातून योगर्टचा छोटा कप काढला, त्यावर स्ट्रॉबेरीचं चित्र. झाकण फाडलं, प्लास्टिकच्या चमच्याने थोडंसं तिच्या तळव्यावर ठेवलं. सानू आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने ते खाल्लं. त्याने खांद्यावरच्या टॉवेलने तिचा तळवा घासून घासून कोरडा केला, पावडर लावली, आणि तिला बीमकडे ढकललं.

मी डोळे उघडे ठेवले. शपथेवर सांगतो, पहिल्यांदाच. ती वर गेली, आणि खाली आली, दोन्ही पायांवर, आणि हलली नाही. व्हिक्टर बुटाकडे बघत होता.

*

नियमाप्रमाणे फोन करायला परवानगी असलेला पहिला दिवस उजाडला. आम्ही तिघं नाश्त्याला बसलो होतो, पण खात कोणी नव्हतं. फोन वाजला. कोचबाईच होत्या. सानूने स्पीकरवर टाकला. मी मंजिरीचा हात धरला होता की तिने माझा, ते आठवत नाही.

त्या आधी छान मोठ्याने हॅलो म्हणाल्या. मग म्हणाल्या, जागेबद्दल बोलायचंच आहे, जागा तुझीच आहे, पण त्याच्या आधी मला एक सांग, त्या दिवशी त्या डब्यात जे गोल गोल होतं ते काय होतं? मला तेव्हापासून विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं.

मंजिरीने फोनवरच रेसिपी सांगायला सुरुवात केली. साबुदाणा आदल्या दिवशी भिजवा, इथपासून. सानू टेबलावर डोकं ठेवून रडत होती आणि हसत होती.

*

ऑगस्टमध्ये सानू निघाली. विमान दुपारचं होतं. डेब गाडी घेऊन आली होती, काका नेहमीप्रमाणे कोट घालून. व्हिक्टरही आला, ट्रॅकसूटमध्ये, हातात जिमच्या किल्ल्या. येतो म्हणून त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. दारापाशी एका कडेला उभा राहिला.

मंजिरीने देवापुढे सानूला उभं केलं. सानूने तळवा पुढे केला, बार्सवर सोलून सोलून टणक झालेला. मंजिरीने त्यावर चमचाभर दही-साखर ठेवली. सानूने ती खाल्ली, काकांच्या पाया पडली, आणि एरवी सगळं इंग्लिशमध्ये बोलणारी आमची पोरगी दारात म्हणाली, "येते, आई." हात धुवायला ती थांबलीच नाही. कोणी आठवणही करून दिली नाही.

डेब बॅगा उचलून बाहेर गेली. मंजिरी वाटी ठेवायला वळली, तर मागे व्हिक्टर उभा. तव्याएवढा पंजा पुढे पसरलेला.

मंजिरीला काही कळेना. तिने त्याला इंग्लिशमध्ये समजावलं की हे जाणाऱ्यासाठी असतं, आणि तुम्ही तर कुठे जात नाही.

"आय गो," तो म्हणाला. हात तसाच पुढे. "टू जिम. टुडे थर्सडे."

मंजिरीने वाटीतलं उरलेलं सगळं दही त्याच्या हातावर घातलं.